रिंगणातले हास्य

फेरो बेटांविषयी पाश्चात्त्य देशांच्या दूरचित्रवाणीवर जे विनोदी कार्यक्रम अधूनमधून दाखवले जातात, त्यांची बांधणी आता इतकी ठरून गेलेली आहे की, एक पाहिला म्हणजे उरलेले सारे पाहिल्यासारखेच होते. प्रथम धुक्यातून चाचपडत उतरणारे विमान, मग वाऱ्याने छत्री उलटी झालेला निवेदक, त्यानंतर घराच्या गवताळ छपराशी उभी असलेली मेंढी, आणि अखेरीस न शिजवलेल्या, न खारवलेल्या, केवळ समुद्रवाऱ्यावर मुरवलेल्या मांसाचा पहिला घास घेताना त्या निवेदकाच्या चर्येवर होणारी कालवाकालव. एवढे झाले की कार्यक्रम संपतो आणि प्रेक्षक संतुष्ट होतो. यात खोटे असे काहीच नसते. वारा आहे, धुके आहे, मेंढ्या तर माणसांहून अधिक आहेत. परंतु ती माणसे स्वतः कशाला हसतात, कुणाला हसतात, आणि ज्याला हसले त्याच्याशी दुसऱ्या दिवशी कशी वागतात, हे पाहिल्यावाचून त्या बेटांवरील जीवनाचे मर्म हाती लागत नाही, असे मला तेथील वास्तव्यात पदोपदी वाटत गेले. म्हणून या लेखात प्रवासाच्या हकिकतीबरोबर त्या हास्याचा मागोवा घेण्याचा विचार आहे.

स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलँड या तिन्ही भूमींच्या मध्ये, उत्तर अटलांटिक महासागरात, ६२ अंश अक्षांशाच्या आसपास ही १८ बेटे विखुरलेली आहेत. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या उद्रेकांतून साचलेल्या काळ्या पाषाणाचे थरावर थर तेथे समुद्रातून सरळ वर आलेले दिसतात, आणि सह्याद्रीच्या कड्यांचे पायऱ्यापायऱ्यांचे रूप ज्याच्या डोळ्यांत बसलेले आहे अशा महाराष्ट्रीय प्रवाशाला त्या कड्यांची जात ओळखायला क्षणाचाही विलंब लागत नाही, कारण दोन्हीकडचा दगड मूळचा एकच, लाव्ह्याच्या पुरातून थिजलेला. फरक इतकाच की तेथे अरण्य नाही. गावातल्या कुंपणाआड राखलेली थोडी झाडे सोडली तर दृष्टी पोहोचेल तेथवर गवत, दगड आणि पाणी. सर्व बेटे मिळून क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर, लोकवस्ती सुमारे ५४,०००, सर्वांत उंच शिखर स्लेत्तारातिंदुर ८८० मीटर, आणि समुद्रापासून पाच किलोमीटरांहून दूर अशी जागा साऱ्या देशात शोधून सापडायची नाही. उष्ण सागरप्रवाहाच्या कृपेने हिवाळा अक्षांशाच्या मानाने सौम्य असतो, पण उन्हाळाही तितकाच संकोची. जुलै महिन्यातही लोकरीचा सदरा अंगावेगळा करण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

राज्यव्यवस्थेच्या दृष्टीने ही बेटे डेन्मार्कच्या राजसत्तेखाली मोडतात, तथापि १९४६ साली झालेल्या सार्वमतात अल्पशा बहुमताने स्वातंत्र्याचा कौल पडल्यानंतर जे राजकारण झाले, त्याची परिणती १९४८ च्या स्वराज्याच्या कायद्यात झाली, आणि तेव्हापासून अंतर्गत कारभार बहुतांशी त्यांच्या हाती आहे. तोर्सहाव्न या राजधानीत, तिंगानेस नावाच्या चिंचोळ्या खडकाळ भूशिरावर, तांबड्या रंगाची, गवती छपरांची जी जुनी लाकडी घरे दाटीने उभी आहेत, तीच आजही सरकारची दप्तरे होत. पंतप्रधानाच्या कचेरीच्या दारावरून आपण चालत जातो आणि पहारेकरी म्हणून कुणीही आडवे येत नाही. याच जागी नॉर्वेहून आलेल्या आद्य वसाहतकारांची सभा भरत असे.

बेटांवर उतरण्याचे विमानतळ वागार या पश्चिमेकडील बेटावर आहे. १९४० च्या एप्रिलमध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतल्यावर ब्रिटिश फौजेने ही बेटे ताब्यात घेतली, आणि डोंगरांच्या बेचक्यात ही धावपट्टी त्यांच्याच अभियंत्यांनी बांधली. तेथून राजधानीकडे जायला पूर्वी होडी लागे. २००२ साली समुद्राच्या तळाखालून बोगदा झाला, २००६ साली उत्तरेकडील बेटांना जोडणारा दुसरा, २०२० च्या अखेरीस स्ट्रेमोय आणि ऐस्तुरोय ही दोन मोठी बेटे जोडणारा तिसरा आणि २०२३ च्या अखेरीस सान्दोयचा चौथा. तिसऱ्याची लांबी ११ किलोमीटरांहून अधिक आहे, आणि त्याच्या पोटात, समुद्राच्या पाण्याखाली, तीन रस्ते एका वर्तुळाकार चौकात मिळतात. त्या चौकाच्या मध्यभागी मूळचा खडक खांबासारखा राखून त्याभोवती त्रोन्दुर पातुर्सोन या फेरो चित्रकाराने हात धरून फेर धरलेल्या मनुष्याकृतींचे वलय उभारले आहे. मोटारीतून जाताना निळ्याहिरव्या प्रकाशात त्या आकृती आपल्याभोवती फिरल्यासारख्या वाटतात. हा फेर म्हणजे काय, याचा उलगडा पुढे येईल.

बोगद्यांच्या या विस्तारात मला सर्वांत मननीय वाटला तो मात्र सर्वांत लहानांपैकी एक, गासादालुर या गावचा. वागार बेटाच्या पश्चिम टोकाला, थेट समुद्रात कोसळणाऱ्या धबधब्याच्या माथ्यावर, हे गाव आहे आणि त्याची वस्ती विसाच्या घरातली. या शतकाच्या आरंभी डोंगर फोडून बोगदा होईपर्यंत तेथे गाडीरस्ताच नव्हता. टपालवाला पाठीवर थैली टाकून डोंगर ओलांडीत येई, आणि गावाला स्वतःची दफनभूमी नव्हती त्या काळात शवपेटीही त्याच वाटेने पलीकडच्या गावी न्यावी लागे. खांदेकरी दम खाण्यासाठी जिच्यावर पेटी टेकवीत, ती शिळा वाटेत अजून दाखवतात. वीस माणसांकरिता डोंगर फोडावा की नाही, हा प्रश्न हिशेबाच्या वहीत मांडला तर उत्तर एकच येईल. परंतु जेथे साऱ्या राष्ट्राची गणती एका तालुक्याच्या गावाएवढी, तेथे वीस माणसे वजा करून चालत नाहीत. फेरो लोकांच्या हास्याचाही आधार हाच आहे, असे माझे मत आहे. ज्याला हसायचे त्याला गमावून चालणार नाही, ही अट तेथे परिस्थितीनेच घालून दिलेली आहे.

तेथे काही कुटुंबे पाहुण्यांना दाम घेऊन आपल्या घरी जेवू घालतात, आणि खाणावळीपेक्षा ही रीत मला शतपटीने श्रेयस्कर वाटली. अशाच एका घरी भोजनोत्तर कॉफी चालली असताना यजमानांनी एका परदेशी वाहिनीवरचा, आरंभी वर्णिलेल्या धर्तीचा कार्यक्रम लावला. मी पडद्याकडे कमी आणि त्या कुटुंबाकडे अधिक पाहत होतो. निवेदक वाऱ्यात लोळला तेव्हा कुणी हसले नाही. मांस तोंडात घेऊन त्याने डोळे मिटले तेव्हा घरच्या आजीबाई सहानुभूतीने चुटपुटल्या आणि त्याला बटाट्याबरोबर का दिले नाही म्हणून हळहळल्या. पण एका बेटावरचे घर दाखवून निवेदकाने नाव दुसऱ्याच गावचे सांगितले तेव्हा सारी खोली खदखदून हसली. आणि पारंपरिक विणीची टोपी घालून कुंपणाशी उभा असलेला ‘वृद्ध मेंढपाळ’ पडद्यावर अवतरताच तर यजमानांची थोरली मुलगी खुर्चीतून उठून उभीच राहिली, कारण तो तिच्या नवऱ्याचा मामा होता, पेशाने विजेची कामे करणारा, आणि ती टोपी त्याने शेजाऱ्याकडून उसनी आणलेली होती. त्यांनी तत्काळ त्या मामांना दूरध्वनी लावला. पलीकडूनही हसण्याचाच आवाज आला.

या बेटांवर स्वतःची नभोवाणी १९५७ साली सुरू झाली आणि दूरचित्रवाणी १९८४ साली. आता दोन्हींचा कारभार ‘क्रिंग्वार्प फोरोया’ या एकाच सार्वजनिक संस्थेकडे आहे. अवघ्या काही हजार घरांसाठी स्वतंत्र वाहिनी चालवणे खर्चाचे असले, तरी त्या पडद्याचे स्वरूप इतर देशांतल्या पडद्याहून मुळातच भिन्न आहे, हे ध्यानात घ्यावे लागते. रात्री ज्याची नक्कल झाली तो मंत्री आणि ज्याने नक्कल केली तो नट सकाळी एकाच दुकानात पावासाठी उभे असायचे. त्यांची मुले एकाच शाळेत. कदाचित दोघांच्या आज्या सख्ख्या बहिणी. अशा ठिकाणी उपहासाला धार असते, परंतु ती धार किती लावायची याचे मोजमाप पिढ्यान्पिढ्यांच्या सहवासाने ठरलेले असते.

याचे मूळ मला दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधी, त्या फेरात सापडले. जुलैच्या २८ व २९ तारखांना तोर्सहाव्नमध्ये ओलाव्सोका हा राष्ट्रीय उत्सव असतो. २९ ला प्रार्थनेनंतर मिरवणूक निघून लोकसभेचे, म्हणजे लोगटिंगचे, अधिवेशन उघडते. भरजरी जाकिटे, रुप्याच्या गुंड्या आणि साखळ्या ल्यालेले आबालवृद्ध रस्तोरस्ती दिसतात. पण उत्सवाचा प्राण आहे तो साखळीनृत्यात. त्याला वाद्य नाही, प्रेक्षक नाहीत. माणसे हातात हात गुंफून वर्तुळ धरतात, दोन पावले डावीकडे, एक उजवीकडे, अशी एकच चाल. अग्रणी कडवे म्हणतो, पालुपद सगळे उचलतात, आणि पायांच्या आघातांनी जमिनीवरच्या फळ्या दणाणतात. माणसे वाढली की वर्तुळ तुटत नाही, आतल्या आत वळ्या घेत जाते, त्यामुळे नाचता नाचता प्रत्येकाचा चेहरा प्रत्येकाच्या समोरून जातो. मध्ययुगात असे नृत्य युरोपात दूरवर चालत असे. इतरत्र ते लोपले, येथे टिकले. शेकडो कडव्यांची वीरगाथा मुखोद्गत असलेली माणसे आजही आहेत, आणि ज्याला एकही ओळ येत नाही त्यालाही वर्तुळात जागा मिळते, हा अनुभव मी घेतला. डाव्या बाजूच्या वयस्क गृहस्थांनी माझा हात आपल्या काखेखाली असा काही घट्ट धरला की पाऊल चुकले तरी मी चालीबरोबर वाहत गेलो.

या नृत्यगीतांत वीरगाथांखेरीज ‘तात्तुर’ नावाचा एक उपहासगीतांचा प्रकार आहे, आणि माझ्या शोधाचा विषय तोच होता. गावात कुणी फजितीचे कृत्य केले, कुणी बढाई मारून तोंडघशी पडला, कुणाची सोयरीक हास्यास्पद रीतीने मोडली, की त्यावर गीत रचले जाई. हान्स क्रिस्तियन ल्युंगब्यू हा डॅनिश धर्मोपदेशक १८१७ साली समुद्रशैवालांच्या अभ्यासासाठी या बेटांवर आला आणि येथील गाथांनी मोहून जाऊन त्यांचा संग्रहच त्याने १८२२ साली छापला. असे गीत प्रथम गायिले जाई तेव्हा ज्याच्यावर ते रचले आहे त्याला दोन धट्टेकट्टे पुरुष दोन्ही बाजूंनी हात धरून फेरात आणीत आणि शेवटचे कडवे संपेपर्यंत सोडीत नसत, ही रीत त्याच्या वृत्तान्तामुळे जगाला कळली. शिक्षा म्हणून हिच्याकडे पाहावे तर ती कठोर आहे. परंतु तिच्या रचनेकडे पाहावे, म्हणजे तिच्यातले शहाणपण दिसते. त्या माणसाला वर्तुळाबाहेर उभे करून हसत नाहीत, वर्तुळात घेऊन हसतात. त्याचे हात ज्यांनी धरलेले असतात तेही उद्या त्याच्याच होडीत वल्ही मारायला बसायचे असतात. आणि गीत संपले की तो इतरांबरोबर पुढच्या गीताचे पालुपद म्हणायला मोकळा होतो. आपल्या कोकणात दशावताराच्या रात्री संकासुराला प्रतिष्ठितांचीही टर उडवण्याची मुभा असते, आणि ते प्रतिष्ठित पुढच्याच रांगेत बसलेले असतात. पण तेथे सोंग आणि प्रेक्षक यांच्यात निदान रंगमंचाचे अंतर राहते, फेरोच्या फेरात तेवढेही अंतर नाही.

हाच उपहास सत्ताधीशांच्या विरुद्ध वळला तेव्हा त्यातून या लोकांचे पहिले मोठे राजकीय काव्य जन्मले. त्या काळी बेटांचा सारा व्यापार डेन्मार्कच्या राजाच्या मक्त्याखाली होता; लोकर आणि मासे सरकारी वखारीत घालायचे आणि धान्य तिच्याकडूनच घ्यायचे. हा मक्ता १८५६ साली उठला. पण त्याच्या पन्नास वर्षे आधी नोल्सोय बेटावरील पॉल नावाच्या एका दर्यावर्दी शेतकऱ्याने त्याच्याविरुद्ध झुंज मांडली. फुटलेल्या एका जहाजाच्या सामानातून त्याने आणि त्याच्या साथीदारांनी १८०४ साली ‘रॉयन्दिन फ्रिया’ हे जहाज बांधले आणि स्वतंत्र व्यापारासाठी राजाकडे अर्जविनंत्या केल्या. अंमलदारांनी त्याला जेरीस आणले, तेव्हा त्याने पक्ष्यांचे गीत रचले. दोनशेहून अधिक कडव्यांच्या या गीतात अंमलदार हे शिकारी पक्षी, रयत ही लहान पाखरे, आणि ससाणे येताच ओरडून सगळ्यांना सावध करणारा चाल्दुर हा लाल चोचीचा किनाऱ्यावरचा पक्षी म्हणजे स्वतः कवी. कोणता ससाणा कोणता अंमलदार, हे नाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. पॉल १८०८-०९ च्या हिवाळ्यात लंडनहून धान्य घेऊन परतताना समुद्रात नाहीसा झाला. चाल्दुर हा आज बेटांचा राष्ट्रीय पक्षी आहे, आणि १२ मार्च हा त्याच्या परतण्याचा दिवस म्हणून साजरा होतो.

मांसाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण परदेशी पडद्यावर सर्वांत मोठा अन्याय झाला आहे तो त्याच्यावर. जवळजवळ प्रत्येक जुन्या घराशेजारी ‘याल्लुर’ नावाची एक लाकडी खोली असते. तिच्या भिंती उभ्या पट्ट्यांच्या, आणि दोन पट्ट्यांत बोटभर फट, जिच्यातून पाऊस आत येत नाही पण वारा आरपार जातो. यजमानांनी मला आत नेले तेव्हा तुळयांना मेंढ्यांच्या तंगड्या आणि बरगड्यांच्या फळ्या टांगलेल्या होत्या, त्यांच्यावर पांढऱ्या-हिरवट बुरशीची साय धरली होती, आणि वास, जुन्या चीजचा, लोकरीचा आणि समुद्राचा एकत्र, दारातच अंगावर आला. मेंढ्या ऑक्टोबरच्या सुमारास कापतात. मीठ नाही, धूर नाही. हवेत असलेला समुद्राचा क्षार आणि थंडावा यांच्याच भरवशावर मांस आंबत जाते. काही महिन्यांनी ते अर्धे मुरले की त्याला ‘रेस्ट’ म्हणतात आणि शिजवून खातात. आणखी काही महिन्यांनी पूर्ण वाळले की ते ‘स्केर्पिच्योट’, जे शिजवीत नाहीत, पातळ काप काढून राय धान्याच्या पावावर ठेवतात. हिवाळा फार उबदार झाला तर मांस नासते, फार थंड झाला तर मुरत नाही. म्हणून यजमान रोज सकाळी याल्लुरात डोकावून वास घेतात, आणि शेजारी शेजाऱ्याच्या मांसाचा वास घेऊन मत देतो. ज्या भूमीत मीठ तयार करायला ऊन नव्हते आणि सरपणाला झाड नव्हते, तेथे दीर्घ हिवाळा ओलांडण्याची ही युक्ती शोधणाऱ्या माणसांच्या बुद्धीपुढे मी मनोभावे नतमस्तक झालो. चवीविषयी म्हणाल तर पहिला घास उग्र, दुसरा विचार करायला लावणारा, आणि तिसऱ्यानंतर मी मागून घेतला.

मद्याच्या बाबतीत त्यांच्या सरकारचा जो बंदोबस्त होता, त्याच्या कथा तेथील वडीलधारी मंडळी आजही रंगवून सांगतात. या शतकाच्या नव्हे, मागल्या शतकाच्या प्रारंभी सार्वमताने दारूविक्री बंद झाली. पुढे डेन्मार्कहून स्वतःपुरती मागवण्याची सवलत मिळाली, पण ती अशा अटीवर की, मागवणाराने आपला कर चुकता केलेला असावा. महसूल वसूल करण्याची याहून परिणामकारक तजवीज कुठल्या दिवाणाला सुचली असेल असे वाटत नाही. सरकारी दुकाने निघून ही व्यवस्था १९९२ साली संपुष्टात आली. त्याच सुमारास बेटांवर बँका कोसळून मोठे आर्थिक अरिष्ट आले आणि हजारो माणसे देश सोडून गेली, हेही येथेच नोंदवले पाहिजे. मासळी हीच ज्यांची जवळजवळ एकमेव निर्यात, त्यांचे सुखदुःख समुद्रातल्या थव्यांवर किती अवलंबून असते, हे त्या वर्षांनी दाखवून दिले.

त्या अरिष्टाच्या उंबरठ्यावरच त्यांना जगाच्या दूरचित्रवाणीवर एक रात्र लाभली. १२ सप्टेंबर १९९० रोजी फुटबॉलच्या युरोपीय स्पर्धेच्या पात्रता सामन्यात फेरोचा संघ ऑस्ट्रियाविरुद्ध उतरला, तोही स्वीडनमधील लान्सक्रोना येथे, कारण आंतरराष्ट्रीय सामन्याला चालेल असे गवताचे मैदान मायदेशी नव्हते. जेथे सारा देश गवताने आच्छादलेला, तेथे सपाट गवताचाच तुटवडा होता. तोर्किल निल्सेन याने एकमेव गोल केला आणि हौशी खेळाडूंचा हा संघ जिंकला. परंतु जगाच्या स्मरणात राहिला तो गोलरक्षक येन्स मार्टिन क्नुडसेन, आणि तो त्याच्या डोक्यावरच्या, शेंड्याला गोंडा असलेल्या पांढऱ्या विणलेल्या टोपीमुळे. लहानपणी डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर आईच्या आग्रहावरून तो टोपी घालू लागला होता. बाहेरचे हसले, आणि बेटांवरच्या बायकांनी मुलांसाठी तशाच टोप्या विणल्या. तेथे तिच्याबद्दल बोलताना प्रत्येकाचा आवाज प्रेमाने भरून येतो.

हास्य थांबते ती जागाही सांगितली पाहिजे. पायलट व्हेल जातीच्या माशांचे कळप, किंवा शास्त्रदृष्ट्या बोलायचे तर सस्तन जलचरांचे कळप, होड्यांनी खाडीत हाकलून किनाऱ्यावर मारण्याची प्रथा येथे प्राचीन आहे आणि तिच्या नोंदी १५८४ पासूनच्या आहेत. महालाचा अंमलदार शिकारीचे मोजमाप करतो आणि मांस गावकऱ्यांत वाटून दिले जाते. हेइन ब्रू यांच्या १९४० च्या ‘फेग्गार आ फेर’ या कादंबरीचा प्रारंभ अशाच एका शिकारीने होतो. तिच्यातला म्हातारा केतिल लिलावात भान हरपून ऐपतीबाहेर मांस बोलतो आणि त्या देण्यापायी अखेर गाय विकतो. आपल्या या म्हाताऱ्याला हसत हसत फेरो वाचकांनी ती कादंबरी हृदयाशी धरली आहे. पण लाल झालेल्या खाडीची चित्रे परदेशी पडद्यावर आली की दोन्हीकडचा सूर कठोर होतो. मला स्वतःला ती हत्या पाहवली नसती, आणि पाहण्याचा योगही आला नाही. तथापि त्या प्रश्नावर बेटांवर एकमत आहे असे समजणे चूक आहे. तेथील आरोग्याधिकाऱ्यांनीच २००८ साली पाऱ्याच्या अंशामुळे हे मांस खाऊ नये असा सल्ला दिला. आणि सप्टेंबर २०२१ मध्ये एका दिवसात १,४०० हून अधिक डॉल्फिन मारले गेले तेव्हा तेथील लोकांतही संताप उसळला आणि सरकारला डॉल्फिनांसाठी वार्षिक ५०० ची मर्यादा घालावी लागली.

अलीकडच्या काळात या लोकांनी कॅमेरा स्वतःच्याच हाती घेतला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गूगलच्या नकाशांत येथील रस्त्यांची चित्रे नव्हती, म्हणून २०१६ साली त्यांच्या पर्यटन खात्याने मेंढ्यांच्या पाठीवर सौरशक्तीवर चालणारे, चहूंकडे पाहणारे कॅमेरे बांधले आणि मेंढ्या जिकडे चरल्या तिकडची दृश्ये प्रसिद्ध केली. यथावकाश गूगलने आपली सामग्री पाठवली. दुसऱ्या वर्षी, भाषांतराच्या यंत्रात तेव्हा फेरो भाषा नव्हती म्हणून, लोकांनी परक्यांकडून वाक्ये मागवून स्वतः बोलून त्यांची चित्रफीत पाठवली. कुणी बोटीवरून, कुणी गोठ्यातून. २०२० च्या साथीत प्रवास थांबला तेव्हा डोक्यावर कॅमेरा बांधलेला वाटाड्या डोंगरात उभा राहिला, आणि जगात कुठेही घरी बसलेल्या माणसाने पडद्यावरची कळ दाबली की तो डावीकडे वळे, धावे, नाही तर उडी मारी. स्वतःला असे दुसऱ्याच्या हवाली करून हसणे हे त्यांनाच साधते ज्यांनी फेरात उभे राहून आपल्यावरची गीते ऐकलेली आहेत.

या प्रसिद्धीने पाहुणे वाढले आणि नवाच पेच उभा राहिला. १२९८ साली नॉर्वेच्या हाकोन ड्यूकने दिलेली ‘मेंढ्यांची सनद’ हा बेटांच्या इतिहासातला उपलब्ध असलेला सर्वांत जुना दस्तऐवज. कुणाच्या कुरणात कुणाची मेंढी चरावी आणि कुणाच्या कुत्र्याने नुकसान केल्यास काय भरपाई द्यावी, याचे नियम तिच्यात आहेत. गावाबाहेरची कुरणे आजही हक्कदारांची आहेत, आणि प्रवाशांच्या बुटांनी त्यांतल्या ओल्या वाटांचा चिखल केला. त्यावर एप्रिल २०१९ मध्ये पर्यटन खात्याने एका आठवडाअखेरीस प्रमुख स्थळे ‘दुरुस्तीसाठी बंद’ ठेवली आणि कामाला हात लावील त्यालाच ये म्हटले. हजारो अर्जांतून शंभर परदेशी निवडले गेले, त्यांनी दगड वाहिले, फरसबंदी केली, खुणेचे बुरूज रचले आणि गावकऱ्यांच्या घरी जेवले. काही वाटांवर आता हक्कदार शुल्क घेतात. ते काही प्रवाशांना रुचत नाही, मला मात्र सर्वथा न्याय्य वाटले.

काल्सोय बेटाच्या उत्तर टोकावरील काल्लुरच्या दीपगृहाची वाट अशांपैकीच एक. त्रोलानेस या चिमुकल्या गावातून, रस्त्याच्या दुतर्फा काळ्या पाण्याचे ओघळ वाहत असलेल्या अंधाऱ्या बोगद्यांनंतर ती सुरू होते, आणि शेवटी दोन्हीकडे कडा तुटलेला, माणूसभर रुंदीचा गवताचा कणा उरतो. जेम्स बाँडच्या २०२१ साली आलेल्या चित्रपटात त्या नायकाचा शेवट याच परिसरात चित्रित झाला, म्हणून गावकऱ्यांनी तेथे रीतसर कोरलेली त्याची समाधिशिला उभी केली आहे. मी पोहोचलो तेव्हा वाऱ्याच्या आडोशाला तिच्या मागे दोन मेंढ्या बसल्या होत्या. शुल्क घेणाऱ्या बाईंनी मला आधीच बजावले होते की, परतीची नौका सुटण्याआधी तासभर धक्क्यावर हजर राहा, कारण ती लहान आहे आणि गावकऱ्यांच्या मोटारींना अग्रक्रम असतो. तेव्हा फार न रेंगाळता मी वाट उतरू लागलो.